पडदा उशिरा सुटतो

सुरतेहून तापी खोऱ्याच्या मार्गाने निघालेली पॅसेंजर उधना, नियोल करत चलथाणला येते. पुढे बारडोली, व्यारा, नवापूर आणि मग नंदुरबार. नवापूरचे स्टेशन निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. सुरत ते अमळनेर हा रेल्वेमार्ग 1900च्या सुमारास खानदेशचा माल बंदराकडे नेण्यासाठी पुरा झाला, आणि मालाच्या मागोमाग माणसेही त्याच रुळांवरून पश्चिमेला गेली. पलसाणा तालुक्यातल्या चलथाणभोवती दोन धंदे एकमेकांना खेटून वाढले, ऊस आणि कापड. एकीकडे चलथाण विभाग खांड उद्योग सहकारी मंडळीचा साखर कारखाना, दुसरीकडे कडोदऱ्यापासून सुरतेपर्यंत पसरलेले यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या मिली. दोन्हीकडे राबणाऱ्यांत धुळे, नंदुरबार, जळगाव आणि डांगची माणसे मोठ्या संख्येने आहेत. लिंबायत, डिंडोलीच्या गल्ल्यांत आजही अहिराणी कानावर पडते, आणि तिच्यात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. या दोन धंद्यांनी डोळ्याला काय केले, याचा इतिहास लिहायला बसले की एक अडचण लगेच समोर येते. फुटलेल्या बुबुळाची नोंद कुठे ना कुठे सापडते, आतल्या पडद्याची मात्र सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की ही उणीव निव्वळ निष्काळजीपणाची नाही. डोळ्याचा पडदा ज्या गतीने सुटतो आणि कायदा, कारखान्याचे रजिस्टर, उसाचा हंगाम ज्या गतीने चालतात, त्या दोन गती जुळतच नाहीत. इजा एका दिवशी होते आणि आंधळेपण दुसऱ्याच वर्षी येते. मधल्या काळात कागद मिटलेला असतो.

आधी इजा कशी होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. धोटा लाकडाचा, पण दोन्ही टोकांना अणकुचीदार धातूची टोपी असते. ताण्याचा एखादा धागा तुटून गुंता झाला, पेटीचा कोन सरकला किंवा ठोका कमी-जास्त बसला, की धोटा वाट सोडून बाहेर उडतो आणि बहुधा शेजारच्या मागावर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. 1733 साली जॉन के याने उडता धोटा काढला तेव्हापासून हा धोका विणकामाला चिकटलेला आहे. मागावर धोटा अडवणारी आड हवी, असे कारखान्यांच्या नियमांत म्हणूनच सांगितलेले असते. टोकाऐवजी धोट्याची बाजू लागली तर डोळा फुटत नाही, आणि घोटाळा नेमका इथे होतो. बोथट मार बसताच डोळ्याचा गोळा पुढून-मागून दाबला जातो आणि मधल्या घेराला फुगतो. मऊ चेंडू तळहातांत दाबावा तसा. आतला काचद्रव, म्हणजे पारदर्शक जेली, पडद्याच्या कडेला घट्ट चिकटलेली असते. घेर फुगला की ती कड ओढली जाते आणि फाटते. वर भुवईचे हाड आणि एका बाजूला नाक यांचे संरक्षण आहे. कानाकडची खालची बाजू उघडी. म्हणून फाटलेली कड बहुतेक वेळा तिथेच आढळते.

पुढे जे होते ते तरुण डोळ्याच्या रचनेमुळे. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातली जेली पातळ झालेली असते, त्यामुळे चीर पडली की पाणी झरकन पडद्याच्या मागे शिरते आणि काही दिवसांत पडदा लोंबू लागतो. मागावर किंवा उसात काम करणारा माणूस विशी-पंचविशीचा. त्याची जेली घट्ट असते, चिरेवर ती बोळ्यासारखी बसून राहते. पाणी थेंबाथेंबाने झिरपते. पडदा कडेपासून सुटत सुटत मध्यबिंदूपर्यंत पोचायला आठवडे, महिने, कधी वर्षेही लागतात. चीर खालच्या अंगाला असल्यामुळे सावली दिसते ती वरून, आणि तीही इतक्या सावकाश उतरते की दुसरा डोळा तिची भरपाई करत राहतो. अधूनमधून चमक दिसते, काळ्या माशा फिरल्यासारख्या वाटतात. पण रात्रपाळी करणाऱ्याला, कोंदट शेडमध्ये बारा तास ट्यूबलाइटखाली उभ्या असणाऱ्याला असल्या गोष्टी आजार वाटाव्यात तरी कशा? एखादे दिवशी चांगल्या डोळ्यात कस्तर जाते, तो चोळताना मिटला जातो, आणि दुसऱ्याने समोरची फणी दिसत नाही हे तेव्हा कळते. त्या घडीला त्याला सहा महिन्यांपूर्वीचा धोट्याचा तडाखा आठवेलच असे नाही, आणि आठवला तरी डॉक्टर तो विचारीलच असेही नाही.

उसातली इजा वेगळ्या तऱ्हेची, तिचा शेवट मात्र तसाच होऊ शकतो. उसाच्या पात्याच्या कडेवर सिलिकाची बारीक करवत असते. वाकून बुंध्यावर कोयता घालताना पाते डोळ्यावर ओढले जाते, पाचटाचे टोक किंवा तोडलेल्या उसाचे खुंट टोचते. बहुतेक वेळा बुबुळावर ओरखडा उठतो आणि भरतो. वनस्पतीच्या अशा ओरखड्यात बुरशी बसली तर बुबुळ पांढरे पडते. टोचण खोलवर गेली तर जंतू थेट जेलीत शिरतात, पू होतो आणि पडदा आतून जळून जातो. कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात, मागाच्या फिटरपाशी तिसरी तऱ्हा दिसते. छिन्नीवर हातोडा पडतो आणि छिन्नीच्या फुललेल्या डोक्यावरची लोखंडाची किरची उडून डोळ्यात जाते. किरची इतकी बारीक आणि गरम असते की भोक आपोआप मिटते. दुखणे क्षणाचे, लाली दोन दिवसांची. आत राहिलेले लोखंड मात्र विरघळत राहते आणि पडद्याच्या पेशींना विषासारखे बाधते. आधी रात्रीचे दिसणे जाते, मग कडेचे, मग सगळेच. या गंजाला जर्मन वैद्य बुंगे याने 1890 साली नाव दिले. त्याच्या आधीच, 1879मध्ये, बर्लिनच्या यूलियस हिर्शबर्ग याने विद्युतचुंबकाने अशी किरची बाहेर काढली होती. म्हणजे निदान आणि उपाय दोन्ही सव्वाशे वर्षांहून जुने आहेत. उणीव राहिली ती शंका घेण्याची.

डोळ्याच्या जखमेची खोली ओळखण्याचा विचार आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नयनाभिघातावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात जखमेची साध्यता पटलांवर ठरवली आहे: एक पटल जखमी झाले तर साध्य, दोन झाली तर कष्टसाध्य, तीन झाली तर वैद्याने हात लावू नये. मला यात निराशेपेक्षा शहाणपण जास्त दिसते. बाहेरून डोळा कसा दिसतो याला महत्त्व नाही, मार किती आत गेला याला आहे, हे त्या वैद्याला उमगले होते. त्याच्याजवळ नव्हते ते आत बघण्याचे साधन. ते हेल्महोल्ट्झने 1851 साली जाहीर केले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी रुडॉल्फ बर्लिन याने बोथट मारानंतर पांढुरक्या पडणाऱ्या पडद्याचे वर्णन केले, 1873मध्ये. पण दिसले म्हणून बरे करता आले असे नाही. सुटलेला पडदा बसवायला तेव्हा रोग्याला आठवडेच्या आठवडे उताणे निजवून ठेवत. त्याने बरा होणारा हजारात एखादाच. 1920च्या दशकात लोझानच्या ज्यूल गोनँ याने दाखवून दिले की पडदा सुटण्याचे मूळ त्याच्यावरच्या चिरेत आहे आणि ती चीर डाग देऊन बंद केली तर पडदा बसतो. पुढे शार्ल शेपेन्सने दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचे डोक्यावरचे यंत्र आणले, तेव्हा पडद्याची अगदी कडेची बाजू, म्हणजे मार लागल्यावर फाटते तीच, पहिल्यांदा नीट तपासता येऊ लागली. 1970च्या सुमारास रॉबर्ट माखेमर याने जेली काढून आतून काम करण्याची शस्त्रक्रिया रुळवली. भारतात हे ज्ञान रुजवण्यात चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचा वाटा मोठा, आणि डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी ती संस्था 1978मध्ये सुरू केली. म्हणजे दक्षिण गुजरातेत यंत्रमाग आणि साखर कारखाने जोरात वाढत होते त्याच काळात सुटलेला पडदा बसवण्याची विद्या देशात पाय रोवत होती, पण मोठ्या शहरांत, आणि मागाच्या शेडपासून फार दूर.

आता कागदाकडे वळू. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923चा, 2025पर्यंत लागू असलेला. त्याच्या परिशिष्टात इजांचे टक्के मांडले आहेत. त्याच्या अखेरच्या रूपात दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर कमाईक्षमतेची हानी 40 टक्के. डोळ्याचा गोळा शाबूत राहून नुसती दृष्टी गेली तर 30. एका डोळ्याची दृष्टी अंशतः गेली तर 10. यातल्या पहिल्या दोन नोंदींत एक अट घातलेली आहे: ‘गुंतागुंत नसताना’. हे दोन शब्द मला फार बोलके वाटतात. कायद्याच्या डोळ्यासमोर गुंतागुंत नसलेली इजा आहे; पडद्याची कहाणी तर सगळी गुंतागुंतीचीच. परिशिष्टात न बसणारी इजा असेल तर डॉक्टरने टक्केवारी ठरवावी अशी सोय होती, हे खरे. पण त्यासाठी आजचे आंधळेपण आणि तेव्हाचा मार यांचा दुवा कोणीतरी जोडून द्यावा लागतो. आणि वेळ? दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा, असे याच कायद्याच्या दहाव्या कलमात होते. याच्या शेजारी एक वैद्यकीय आकडा ठेवून पाहावा. कॉक्स, शेपेन्स आणि फ्रीमन यांनी 1966 साली मारामुळे सुटलेल्या पडद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रुग्णांत 12 टक्के पडदे लगेच सुटलेले आढळले, 30 टक्के महिन्याभरात, 50 टक्के आठ महिन्यांत आणि 80 टक्के दोन वर्षांत. म्हणजे जवळजवळ पाचातला एक माणूस कायद्याची मुदत सरल्यावर दवाखान्याच्या दारात आला असता. हा अभ्यास अमेरिकेतला आणि जुना, तो जसाच्या तसा चलथाणला लावता येणार नाही. पण तिथल्या रुग्णांना गाठायला चांगले दवाखाने होते. इथे उशीर त्याहून कमी होत असेल असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

कारखाने कायदा 1948चा, तोही 2025पर्यंत लागू असलेला. त्याच्या 35व्या कलमात उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांचे रक्षण करायला आड किंवा गॉगल द्यावा असे म्हटले होते, आणि 88व्या कलमाप्रमाणे इजेमुळे माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कळवायचे असे. बोथट मार खाल्लेला तरुण एखादा दिवस डोळा सुजवून घरी बसतो, किंवा तेवढाही बसत नाही, कारण मीटरावर मजुरी आहे. 48 तासांचा उंबरठा तो ओलांडतच नाही. शिवाय यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसांच्या आत हा कायदा मुळातच पोचत नव्हता, आणि सुरतेचे यंत्रमाग लहान लहान खात्यांत वाटलेले आहेत. उसाचा फड तर कारखानाच नव्हे. तिथे माणसांचा हिशेबही माणसांत करत नाहीत, कोयत्यांत करतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकापासून बारडोलीच्या साखर पट्ट्यात खानदेशातून येणाऱ्या तोडमजुरांचा जो अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट दिसते की मुकादम उचल देऊन टोळी आणतो आणि कारखाना व मजूर यांच्यामध्ये तोच उभा असतो. दिवाळीच्या आसपास टोळी येते, उन्हाळ्यात गाळप संपते आणि टोळी नंदुरबारच्या, डांगच्या डोंगरात परतते. जानेवारीत चलथाणच्या फडात टोचलेला डोळा जुलैत अक्कलकुव्याच्या पाड्यावर अधू होतो. तिथल्या माणसाला फड माहीत नाही, फडातल्या माणसाला डोळा माहीत नाही. पुढच्या दिवाळीला तो आला नाही तर मुकादमाच्या वहीत एक कोयता कमी होतो.

तिसरी चाळणी सरकारी मोजणीची. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूवर जे काम केले त्याला तोड नाही. खानदेशातल्या किती म्हाताऱ्यांनी त्याच्यामुळे नातवंडांची तोंडे पाहिली असतील. पण त्या मोजणीत अंध म्हणजे ज्याचा चांगला डोळासुद्धा ठरलेल्या मर्यादेखाली गेला तो. धोट्याने किंवा किरचीने एक डोळा गेलेला माणूस या व्याख्येत अंध नाही, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातही एका डोळ्याला 30 टक्के मिळतात तर सवलतींचा उंबरठा 40चा आहे. असे तिन्ही जाळ्यांतून जे निसटते, ते तरुणांचे एका डोळ्याचे, उशिरा आलेले आंधळेपण असते.

या मांडणीवर जे आक्षेप येतात ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की कामावरच्या डोळ्याच्या इजांत बहुसंख्य बुबुळावरच्या ओरखड्यांच्या किंवा कस्तराच्या असतात, पडदा फाटणे विरळा. तेवढ्यासाठी सगळी व्यवस्था कशाला दोषी धरायची? विरळा आहे, कबूल. पण ओरखडा बहुधा आठवड्यात भरतो आणि सुटलेला पडदा उपचारावाचून बसत नाही. इजांची संख्या मोजली तर ओरखडे जिंकतात, कायमची गेलेली दृष्टी मोजली तर पारडे पालटू शकते. कोणती मोजणी करायची, हा निवडीचा प्रश्न आहे, आणि आजवर पहिलीच निवडली गेली. दुसरा आक्षेप इतिहासाच्या पद्धतीचा आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो: नोंदी नाहीत म्हणून इजा होत्या, असे कसे म्हणता? शांततेतून पुरावा काढणे धोक्याचे. हे मान्य करूनच मी किती जणांचे डोळे गेले असा कुठलाही आकडा इथे मांडत नाही. माझा दावा मर्यादित आहे. इजेची यंत्रणा माहीत आहे, ती ज्या हत्यारांनी होते ती चलथाण परिसरात पिढ्यानपिढ्या चालली आहेत, आणि इजा उशिरा उमटते हेही ठाऊक आहे. जी व्यवस्था पहिल्या काही दिवसांपलीकडे पाहतच नाही, तिच्या रजिस्टरात हा रोग नसणे हा तो नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप मालकांच्या बाजूने येतो: गॉगल दिलेले असतात, माणसेच घालत नाहीत. मुद्दाम सुरक्षासाधन काढल्याचे दाखवता आले तर भरपाईतून सुटायची वाट 1923च्या कायद्यातही होती. पण दमट हवेत काचेवर वाफ धरते आणि कामगाराला धागा दिसत नाही. मीटरावर पैसे घेणारा माणूस दिसण्यासाठीच गॉगल काढतो. त्यातही धोटा अडवायचे काम मुळात मागावरच्या आडीचे आहे, नाकावरच्या काचेचे नाही. शेवटचा आक्षेप काळाचा: आता वॉटरजेट आणि रेपियर माग आले, धोटाच उरला नाही, मग हा विषय सरलाच ना? जिथे धोटा गेला तिथे ती एक इजा सरली, चांगले झाले. छिन्नी-हातोडा गेला नाही, कोयता गेला नाही. आणि धोट्याच्या काळात वीस वर्षांचे असलेले लोक आज साठीकडे झुकले आहेत. त्यांच्यातल्या ज्यांचा एक डोळा हळूहळू विझला त्यांनी तो ‘आपोआप गेला’ असेच मानले असेल.

खरे तर लागणारी गोष्ट फार थोडी आहे. बाहुली मोठी करणारे थेंब, अर्धा तास थांबणे, आणि पडद्याची कड पाहू शकणारा डॉक्टर. लोखंडाची शंका असेल तर एक एक्स-रे. हे मार लागल्यावर एकदा, महिन्याने एकदा आणि मग काही महिन्यांनी पुन्हा व्हायला हवे. पडदा सुटण्याआधी चीर सापडली तर लेसरने किंवा गोठवून तिच्याभोवती शिवण घालता येते आणि मोठी शस्त्रक्रिया टळते. वैद्यकाने 1920च्या दशकातच ओळखले की सगळे मर्म चिरेत आहे. कामाच्या ठिकाणच्या कागदाला ते अजून कळलेले नाही. कारखान्याच्या अपघात रजिस्टरात इजा झालेल्या माणसाचे नाव, तारीख, इजेचे स्वरूप असे रकाने असतात, आणि मग एक रकाना कामावर परत आल्याच्या तारखेचा. तो भरला की ती ओळ पुरी होते. ती तारीख लिहिली जात असताना डोळ्याची लाली उतरलेली असते, समोरचा धागा दिसत असतो, आणि कानाकडच्या खालच्या कोपऱ्यात पहिला थेंब चिरेखाली गेलेला असतो.